गरम हवेच्या फुग्यात बसण्यापूर्वी

गुंजवणे हे गाव राजगडाच्या अगदी पायथ्याशी. चोरदरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट इथूनच चढते. या वाटेने येणारा माणूस आजवर बहुतकरून गडाचा वेडा असे. पाठीवर पिशवी, कमरेला पाण्याची बाटली, एवढाच त्याचा थाट. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि त्यांत राजगड आहे. आता पाहुणा वाढणार, आणि पाहुणा वाढला की त्याच्या करमणुकीचा धंदाही मागोमाग येणार. दोरावरून दरी ओलांडणे आले, पॅराग्लायडिंग आले, आणि त्यांच्याच जोडीला गरम हवेच्या फुग्यातून सफर, म्हणजे ज्याला सगळे ‘हॉट एअर बलून’ म्हणतात, तीही आली. आपल्या पुणे जिल्ह्यात लोणावळा-कामशेतच्या बाजूला अशी उड्डाणे झालेली आहेत.

या भागातल्या एका शिक्षकांनी मला सरळच विचारले, “सर, मोठ्या मुलांना एकदा फुग्यात बसवावे असे मनात आहे. पण कंपनी चांगली की वाईट हे आम्ही ओळखायचे कसे? जाहिरातीत तर सगळ्यांचेच फुगे रंगीत दिसतात.” प्रश्न मोठा मार्मिक आहे. मी भूगोल शिकवणारा माणूस, फुगे चालवणारा नव्हे. पण फुगा चालतो तो वाऱ्यावर, आणि वारा हा आमच्या विषयातलाच. तेव्हा त्या वाटेनेच या प्रश्नाकडे जाऊ.

आधी हा फुगा वर जातो कसा, ते पाहू. हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकतो, पण ते किती असते याची कल्पना सहसा नसते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी पेटी घेतली, तर तिच्यातली हवा वीस अंश उष्णतेला साधारण बाराशे ग्रॅम भरते. तीच हवा शंभर अंशांपर्यंत तापवली की ती पसरते, आणि तेवढ्याच जागेत जेमतेम साडेनऊशे ग्रॅम उरते. म्हणजे दर घनमीटरामागे पाव किलोचा फरक. पाण्यात दाबून धरलेला रिकामा डबा हात सोडताच उसळी घेतो ना, तसा हा पाव किलोचा फरक फुग्याला वर ढकलतो. तीन हजार घनमीटरांचा फुगा घेतला, तर एकूण साडेसातशे किलो उचलण्याची ताकद झाली. त्यात फुग्याचे कापड, वेताची करंडी, वरचा बर्नर आणि गॅसचे सिलिंडर यांचेच वजन तीनशे-साडेतीनशे किलो जाते. उरले त्यात वैमानिक आणि उतारू.

आता हे गणित थोडे पुढे न्या. बाहेरची हवा वीस अंशांऐवजी तीस अंश असेल, तर बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक घटतो, आणि तोच फुगा साडेसातशेऐवजी सुमारे सहाशे साठ किलोच उचलतो. एका धडधाकट माणसाचे वजन कमी झाले की नाही? म्हणून मी पहिली परीक्षा सांगतो. तुमचे नाव नोंदवताना जी कंपनी तुमचे वजन विचारते, तिला आपला धंदा कळतो. जी नुसते “किती जण?” एवढेच विचारते, ती एस.टी.चे तिकीट फाडावे तसा फुगा भरते आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या वाहनाला सुकाणू नाही. नावेला वल्हे असते, बैलगाडीला कासरा असतो, फुग्याला यातले काहीच नसते. वैमानिकाच्या हाती दोनच गोष्टी : बर्नर पेटवून वर जाणे, किंवा हवा थंड होऊ देऊन, नाहीतर माथ्यावरची झडप दोरीने उघडून खाली येणे. निरनिराळ्या उंचीवर वारे निरनिराळ्या दिशांनी वाहतात. हवा तो वारा सापडेपर्यंत वरखाली करायचे आणि त्याच्या पाठीवर बसायचे, हीच सगळी विद्या. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी गरम हवेच्या फुग्यातून २१,०२७ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उडाले आणि उतरले ते थेट नाशिक जिल्ह्यात. एवढी तयारी, एवढा खर्च, पण उतरायचे कुठे हे शेवटी वाऱ्याला विचारूनच ठरले.

म्हणूनच फुग्याची सफर ही पहाटेची असते. काही ठिकाणी संध्याकाळी सूर्य कलल्यावरही नेतात, पण पहाट उत्तम. याचे कारण गावकऱ्यांना वेगळे सांगायला नको. थंडीच्या दिवसांत गुंजवण्याकडे पहाटे पाहा. चुलीचा धूर सरळ वर न जाता कौलांच्या थोडा वर चादरीसारखा पसरून राहतो. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन तळाशी बसते, आणि ती शांत असते. ऊन चढले की डोंगराचे कातळ तापतात, तापलेली हवा झोत होऊन वर उठते, तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावते. घारी याच झोतांवर पंख न हलवता गिरक्या घेतात. घारीला जे सुख, ते फुग्याला संकट. तो क्षणात वर खेचला जातो, क्षणात खाली आपटतो.

आपल्या खळ्यावरची भाषा वापरायची तर असे म्हणता येईल, की उफणणीला जो वारा चांगला, तो फुग्याला वाईट. जमिनीलगतचा वारा ताशी पंधरा ते अठरा किलोमीटरांच्या पुढे गेला की शहाणी कंपनी फुगा जमिनीवरून हलवत नाही. कारण वर जाणे सोपे असते. उतरताना करंडी त्याच वेगाने जमिनीला टेकते आणि शेतातून फरफटत जाते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. चांगली कंपनी ओळखायची ती तिने किती उड्डाणे केली यावरून नव्हे, तर कोणती उड्डाणे केली नाहीत यावरून. थोडे विचित्र वाटेल. पण पाहा, तुम्ही पहाटे तीनला उठून, जीपभाडे भरून, माणशी काही हजार रुपये आगाऊ देऊन मैदानावर पोचलात. मुले उत्साहात आहेत. आणि वैमानिक म्हणतो, “आज नाही.” त्या वेळी राग येतो. मी म्हणतो, त्या माणसाला नमस्कार करा. त्याने स्वतःचे नुकसान करून घेतले आहे. पण ज्या कंपनीच्या पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असे छापलेले असते, तिथे काय होते? उतारू म्हणतो, पैसे तर गेलेच आहेत, निदान उडू तरी. मालक म्हणतो, परत करायचे नसले तरी उद्या नाव खराब होईल, उडवूनच टाका. वैमानिक बिचारा दोघांच्या मध्ये. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा : हवेमुळे उड्डाण रद्द झाले तर सगळे पैसे परत मिळतील का, किंवा दुसरा दिवस मिळेल का, आणि रद्द करण्याचा शेवटचा शब्द कोणाचा? उत्तर ‘वैमानिकाचा’ असेच आले पाहिजे. ‘मॅनेजरसाहेबांचा’ आले तर दुसरीकडे चौकशी करा.

मोबाइलवर लोक कंपन्यांना तारे देतात, अभिप्राय लिहितात. ते वाचायला हरकत नाही, पण ‘फार मजा आली’ असे लिहिणाऱ्यांचे वाचून काही कळत नाही. ज्यांचे उड्डाण रद्द झाले त्यांनी काय लिहिले आहे ते शोधून वाचा.

हे मी उगाच भीती घालण्यासाठी सांगत नाही. ३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यात लॉकहार्ट गावाजवळ एक फुगा विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकला आणि वैमानिकासह सोळाच्या सोळा माणसे गेली. त्या सकाळी धुके आणि खाली उतरलेले ढग होते. निघायलाच नको होते. पुढे चौकशीत निघाले, की वैमानिकाच्या अंगात अशी औषधे होती की ज्यांनी माणसाची बुद्धी मंदावते. आणि अमेरिकेसारख्या देशात तोवर फुग्याच्या वैमानिकाला वैद्यकीय दाखल्याची सक्तीच नव्हती. ती सक्ती करणारा नियम झाला २०२२ साली. त्याआधी, जानेवारी २०१२ मध्ये, न्यूझीलंडमध्ये कार्टरटन इथे अकरा जण गेले, तेही विजेच्या तारांनीच. या दोन्ही ठिकाणी उतारूंपैकी कोणीही निष्काळजी नव्हते. 

आपल्याकडे याचे नियम आहेत, आणि ते वापरायला शिकले पाहिजे. भारतात माणसे घेऊन उडणारा फुगा हा कायद्याने विमानच समजला जातो. त्याच्यावर देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे ज्याला डीजीसीए म्हणतात त्याची. वैमानिकाला फुगा चालवण्याचा स्वतंत्र परवाना असतो. मोठे विमान चालवणाऱ्यालाही तो वेगळा मिळवावा लागतो. फुग्यालाही मोटारीसारखा नोंदणी क्रमांक असतो आणि भारतीय विमानांप्रमाणे त्याची सुरुवात व्हीटी या अक्षरांनी होते. फुगा जमिनीवर पसरलेला असताना ती अक्षरे शोधा. मुलांना हा खेळ फार आवडेल. याशिवाय महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरचे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे त्यात आहे. तेव्हा शिक्षकाने तीन कागद मागावेत : वैमानिकाचा परवाना, फुग्याची नोंदणी आणि पर्यटन संचालनालयाची नोंद. विम्याचा कागद चौथा. प्रवाशाला इजा झाली तर त्या विम्यातून काही मिळते का, की तो विमा फक्त फुग्याच्या कापडाचा आहे, हेही वाचून घ्यावे.

कुणी म्हणेल, कागद मागितले तर कंपनीवाले रागावतील. रागावू द्यात. ज्याच्याकडे कागद असतात तो ते कौतुकाने दाखवतो.

अर्थात कागद म्हणजे सर्व काही नव्हे. मैदानावर गेल्यावर डोळ्यांनी पाहण्यासारखे पुष्कळ असते. निघण्यापूर्वी वैमानिक एक छोटा रबरी फुगा हवेत सोडतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहतो. उतारूंना वाटते, हा काय खेळत बसला आहे! पण कोणत्या उंचीवर वारा कुठे वळतो हे तो त्या फुग्यावरून वाचत असतो. सिलिंडर आणि बर्नर जिथे आहेत तिथून शंभर पावलांच्या आत कोणी विडी-सिगारेट ओढताना दिसले आणि कंपनीचा माणूस गप्प राहिला, तर आपण मुलांना घेऊन परत फिरावे. आग विझवण्याचे नळकांडे करंडीत आहे का ते पाहावे. २०१३ च्या फेब्रुवारीत इजिप्तमध्ये लक्सर इथे एक फुगा उतरता उतरता पेटला. जमीन हाताशी आली होती. गॅसच्या नळीतून गळती झाली, आगीने हवा आणखी तापली, वैमानिकाने उडी मारली आणि भार हलका झालेला तो फुगा उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर गेला. एकवीसपैकी एकोणीस माणसे गेली. जून २०२५ मध्ये ब्राझीलमध्येही करंडीत आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला.

या दोन घटनांतून उतारूंसाठी एक नियम निघतो, आणि तो चांगला वैमानिक निघण्यापूर्वी स्वतः सांगतो : मी सांगेपर्यंत कोणीही करंडीबाहेर पाय टाकायचा नाही. एक माणूस उतरला की सत्तर किलो भार उतरला, आणि मघाचे गणित आठवा, फुगा उचलला जाणार. उतरताना गुडघे किंचित वाकवून, ज्या दिशेला जात आहोत तिकडे पाठ करून, आतल्या दोराच्या कड्या घट्ट धरून उभे राहायचे असते. हे सगळे वर गेल्यावर नव्हे, तर जमिनीवर असतानाच करून दाखवले पाहिजे. ज्या कंपनीत फोटो काढायला अर्धा तास आणि सूचनांना अर्धा मिनिट, तिचा हिशेब उघड आहे.

लहान मुलांविषयी माझे मत थोडे कडक आहे. करंडीचा काठ मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो. ज्या मुलाला त्यावरून बाहेर दिसत नाही, त्याला उतरण्याचा धक्का कधी बसणार हे कळत नाही, आणि त्याच्या हाडांना तो सोसवतही नाही. म्हणून कंपन्या वयाची किंवा उंचीची अट घालतात. शिक्षकांनी ती अट वाकवण्याची विनंती करू नये. आणि कंपनी ती आपण होऊन वाकवत असेल तर ती आणखी काय काय वाकवत असेल याचा विचार करावा. गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले लोक, पाठीचे दुखणे असणारे यांनी खालून पाहण्यातच आनंद मानावा. आणि ‘जोखीम माझी’ असा जो कागद सही करायला पुढे येतो, त्यावर चाळीस मुलांच्या वतीने शिक्षकाने एकट्याने सही करणे मला मुळीच पटत नाही. तो कागद आठ दिवस आधी घरी गेला पाहिजे आणि आईबापांनी वाचला पाहिजे.

यावर एक पळवाट सुचवली जाते. जत्रेत, उत्सवात फुगा दोरांनी जमिनीला बांधून ठेवतात; पाच-दहा मिनिटे वर जायचे, पुन्हा खाली यायचे. स्वस्तही पडते. लोकांना वाटते, बांधलेला आहे, म्हणजे धोका नाही. पण मोकळा फुगा वाऱ्याबरोबर जातो, त्यामुळे आतल्या माणसाला वारा जाणवतच नाही. बांधलेला फुगा वाऱ्याला अडवून उभा असतो, आणि वाऱ्याचा सगळा जोर दोरांवर येतो. एप्रिल २०२५ मध्ये राजस्थानातील बारां इथे उत्सवाच्या वेळी फुग्याच्या दोराबरोबर वर खेचला गेलेला एक कर्मचारी खाली पडून मरण पावला. बांधलेल्या फुग्याला वाऱ्याची मर्यादा मोकळ्या फुग्यापेक्षा कमी धरतात, जास्त नव्हे. उत्सवाचे आयोजक ‘पाहुणे आलेत, दहा मिनिटे तरी उडवा’ असा आग्रह करतात, तेव्हा हीच गोष्ट विसरली जाते.

आता गुंजवण्याच्या मंडळींसाठी थोडे. उद्या कोणी येऊन म्हणेल, की तुमची सपाट जागा द्या, इथून फुगे उडवू, राजगड वरून दाखवू. कल्पना मोहक आहे. पण जरा खोऱ्याकडे पाहा. एका अंगाला राजगड, त्याची पद्मावती आणि सुवेळा माची; पश्चिमेला तोरणा, चौदाशे मीटरांवर. अशा उंच कड्यांवरून वारा आला की त्यांच्या आडोशाला तो घुमतो, भोवरे करतो. खाली गुंजवणी धरणाचे पाणी, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, वाडीवाडीला गेलेल्या विजेच्या तारा. फुग्याला सुकाणू नसते हे लक्षात घेतले, तर उतरायला मोकळी सपाट जागा एका दिशेला नव्हे, चहूबाजूंना लागते. ती इथे नाही. कामशेतकडे खोरी रुंद आहेत, म्हणून तिकडे उड्डाणे जमतात. माझ्या मते राजगड पाहायचा तर पायांनीच चढून पाहावा. तरीही कोणी आलेच, तर तारांचा आणि पाण्याचा नकाशा दाखवून विचारावे, “वारा या बाजूला फिरला तर तुम्ही उतरणार कुठे?” जागेचे भाडे ठरवण्याआधी या प्रश्नाचे उत्तर घ्यावे. ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आणि फुगा दुसरीकडून उडून आपल्या शेतात उतरला तर? हेही घडते. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतील पोल्लाचीच्या उत्सवातून निघालेला एक फुगा वाऱ्याने राज्याची हद्द ओलांडून केरळातल्या पालक्काड जिल्ह्यात शेतात उतरला होता. आतली माणसे सुखरूप होती. चांगल्या कंपनीची गाडी फुग्याच्या मागोमाग रस्त्याने येत असते. तिची माणसे आधी शेतमालकाला भेटतात, उभ्या पिकातून गाडी घालत नाहीत, आणि नुकसान झाले असेल तर जागेवर बोलून भरपाई देतात. फुगा दिसला की जनावरे खुंट्याला पक्की बांधा किंवा लांब न्या, कारण बर्नरच्या आवाजाने बैल बुजतात. मुलांना तारांपासून आणि कापडापासून दूर ठेवा. फुगा एखाद्या तारेला चिकटला असेल तर त्याला किंवा करंडीला हात लावू नका. आधी वीज मंडळाला फोन करून प्रवाह बंद करवून घ्या. आणि करंडीतून दोर खाली फेकला गेला, तर वैमानिकाने स्वतः सांगितल्याशिवाय तो धरू नका. सांगितले तर धरा, पण हाताला किंवा कमरेला गुंडाळू नका, आणि पाय जमिनीवरून उचलले जाताहेत असे वाटताच त्याच क्षणी सोडून द्या.